नारायणाचा नमुना

अधिक महिना आला की माझ्या नाकाला आधी कढत्या तुपाचा वास येतो आणि त्याच्या मागोमाग फिनेलचा. वेगवेगळे घेतले तर दोन्ही वास वाईट नाहीत. एकत्र आले की मात्र मी उठून खिडकी उघडते. यंदा पुन्हा अधिक श्रावण आहे. समोरच्या दुकानदारानं अनारशांचे पुडे छातीइतके रचून ठेवलेत. चुलतभावाची सून सकाळी येऊन विचारून गेली, ‘‘आत्याबाई, पुरणाचे धोंडे वाफवायचे की तळायचे हो? जावई येऊन राहिलेत रविवारी.’’ मी म्हटलं, ‘‘कसेही कर बाई, फक्त माझ्या पानात वाढू नको.’’ तिला वाटलं, मला साखर निघाली असेल. काळजीनं तिनं डॉक्टरांचं नाव सुचवलं.

मला साखर नाही. मला किळस आहे, आणि ती साखरेसारखी तपासून निघत नाही.

पंचांगात ह्या महिन्याला मलमास असंही म्हणतात. मला तेच नाव पटतं. आपण मात्र ह्याच महिन्यात जावयाला पाटावर बसवतो, त्याचे पाय धुतो, तो नारायण आणि आपली लेक लक्ष्मी असं म्हणून तबकात तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून त्याच्या हाती देतो. लक्ष्मी बाजूला उभी राहून माश्या वारते. श्रावणाच्या ओलीत माश्या किती असतात हे ज्यांनी तूप वाढलंय त्यांना विचारा. पुरणाच्या गोळ्यावर बसतात, हाकलल्या की नारायणाच्या मानेवर बसतात, तिथून पुन्हा गोळ्यावर.

साठच्या दशकातला एक अधिक श्रावण माझ्या अंगाला असा चिकटला आहे. मी तेव्हा अमरावतीला बी.एस्सी. करत होते, प्राणिशास्त्र घेऊन. बाबा गुरांचे डॉक्टर, सरकारी कृत्रिम रेतन केंद्रावर नोकरीला. ताईचं लग्न होऊन चारेक वर्षं झाली होती. अकोल्याला जठारपेठेत तिचं सासर, नवरा वकील, सासरे वारलेले, घरात सासूबाईंचा शब्द. ताईला मूल नव्हतं. एवढं सांगितलं की त्या काळात बाकी काही सांगावं लागत नसे, लोक स्वतःच पुढचं बोलू लागत.

बाबांच्या केंद्रावर मी लहानपणापासून जात होते. आईला ते मुळीच आवडत नसे. शहाबादी फरशी, फिनेल, उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या नळ्या, आणि मागच्या आवारात एकेक टनाचे वळू, नाकात वेसण, डोळे मात्र एखाद्या सुस्त मामलेदारासारखे. वळूसमोर एक शांत गाय बांधायची, तो तिच्यावर झेपावला की बाबांनी बाजूनं कोमट पाण्याचं रबरी नळकांडं पुढे धरायचं आणि त्याचं रेत काचेच्या नळीत गोळा करायचं. मग त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. मी तो थेंब पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं काच हलते आहे. काच स्थिर होती. आत ढग वळवळत होते, लाटांवर लाटा उठत होत्या. मी मागे सरकले आणि ओढणीनं तोंड पुसलं, तोंडाला काही लागलेलं नसताना. बाबा म्हणाले, ‘‘घाण नाही ती. घाण असती तर वासरू झालं नसतं.’’

गावाकडची माणसं गाई घेऊन येत आणि नाकं मुरडत. जवळच्या खेड्यातला एक म्हातारा मला चांगला आठवतो. गाय खोड्यात उभी, बाबा कोपरापर्यंत तेल लावून तयार, आणि हा कपाळाला हात लावून म्हणतो, ‘‘डॉक्टरसायब, गायीले बैल दाखवाचा सोडून तुमी सुई लावून राह्यले. तुमाले किळस नाई येत काहो?’’

‘‘येते की. मग हात धुतो,’’ बाबा म्हणाले.

एकदा मुंबईहून साहेबलोक केंद्र पाहायला आले. वळू तयार, गाय तयार, बाबा तयार, आणि वळू काही हलेना. एका साहेबानं घड्याळ पाहिलं, दुसऱ्यानं छत्रीचं टोक वळूच्या पुठ्ठ्यात खुपसलं. वळूनं कान पाडले आणि गायीकडे पाठ केली. वळू धरणारे शेषराव तोंडातली तंबाखू सावरत म्हणाले, ‘‘सायब, इतक्या लोकायचे डोये त्याच्यावर लागून राह्यले, तो काय करन बिचारा? तुमाले जमन का असं?’’ साहेबलोकांच्या कानांपर्यंत ते गेलं की नाही कोण जाणे, चहाला मात्र ते लवकर उठले. ते गेल्यावर वळूनं काम केलं.

पुढे मी तीस-एक वर्षं कॉलेजात हेच शिकवलं. नराचं जनन हा धडा आला की मागच्या बाकावर खसखस सुरू व्हायची, एखादा खोकायचा, मुली वहीत तोंड घालायच्या. मी फळ्यावर पहिलाच शब्द लिहायची, मेंदू. बाकी सगळं नंतर. कारण गोष्ट सुरू तिथे होते. मेंदूच्या तळाशी काही मज्जापेशी एक अगदी लहानसं पेप्टाइड तयार करतात, दहा मण्यांची माळ म्हणा, आणि ते सलग न सोडता ठोक्याठोक्यानं सोडतात. तो निरोप खाली हरभऱ्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीला पोहोचतो, ती वृषणांना सांगते, मग बीज तयार होतं. बैल, बोकड, उंदीर, वकील, सगळ्यांत हेच. भीती वाटली, धसका बसला, उपासमार झाली की वरचा निरोपच मंदावतो. ह्या मज्जापेशींना उठवणारं आणखी एक पेप्टाइड आहे, निजवणारीही आहेत, असं माझ्या निवृत्तीच्या आगेमागे वाचायला मिळालं. मी शिकत होते तेव्हा ह्यातल्या कशालाच नाव नव्हतं. पुस्तकात एवढंच होतं की मेंदू पीयूषिकेला काहीतरी कळवत असावा. ‘काहीतरी’ ह्या शब्दावर आम्ही परीक्षा पास झालो.

आणि ह्या निरोपाची एक खोड आहे. वृषणांनी तयार केलेलं पुरुषी संप्रेरक रक्तातून परत मेंदूपर्यंत जातं. ते भरपूर दिसलं, भले सुईतून आलेलं असो, की मेंदू समजतो, काम चोख चाललंय, आता सांगायची गरज नाही. निरोप बंद होतो. ही खोड भाऊजींना ठाऊक नव्हती, त्यांच्या डॉक्टरलाही नव्हती, आणि असती तरी काय झालं असतं ह्याची मला आज शंका आहे.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. लग्नात पाहिले तेव्हा काडीसारखे, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघणारे. दोन वर्षांत माणूस बदलला. मान जाड झाली, आवाज फुटका झाला, तिशीतल्या माणसाच्या पाठीवर मानेवर सोळा वर्षांच्या पोरासारखे फोड आले. घाम इतका की पाटावरून उठले तर पाट ओला. हसायचे ते घर हलवून. बाही वर करून दंड दाखवायचे आणि सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, ‘‘आमच्या डॉक्टरची ताकदीची सुई आहे. दर आठवड्याला. घोडा करून टाकलाय पोराचा.’’ हे त्या बायकांच्या पंगतीत बोलायच्या, लोणचं वाढता वाढता.

ताईवर मात्र वेगळे उपाय चालले होते. पिंपळाला फेऱ्या, सोमवार, गुरुवार, कौंडण्यपूरच्या जत्रेत नवस, उपाशीपोटी कसला तरी काळा काढा, ज्यानं तिचे दात कायमचे डागाळले. दोनदा तिला दवाखान्यात नेऊन पिशवी खरवडून आणली. तिसऱ्या वेळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ‘‘हिच्यात काही नाही. यजमानांना पाठवा.’’ सासूबाई त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी ताईला डोक्यावरून अंघोळ घातली, असलं ऐकून आली म्हणून.

बैलाच्या आवारात उभं राहून मला कधी इतकी किळस आली नाही.

तर त्या अधिक श्रावणात आईनं जावयाला बोलावलं. सासूबाईही आल्या, न बोलावता. बडनेऱ्याला गाडी बदलून, टांग्यात बसून, ट्रंकेसकट. ट्रंक पाहून आईनं माझ्याकडे पाहिलं. ती ताईची ट्रंक होती, आणि दोन दिवसांच्या माहेराला कोणी सगळी लुगडी आणत नाही.

आई दोन दिवस तुपापाशी उभी होती. पुरण, धोंडे, अनारसे, आणि तिचा एकच विचार, की पंगत गोड झाली तर ट्रंक जशी आली तशी परत जाईल. ती मला म्हणाली, ‘‘हसून वाढ. तुझं तोंड असं कडू काहून असते गं?’’ मी हसून वाढलं. भाऊजी मांडी घालून बसले होते. धोंडा हातानं फोडायचे, त्यात तूप ओतायचे, ते मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं आणि ते जिभेनं चाटायचे. मानेवरच्या एका फोडावर माशी बसली होती. ताई मागे उभी राहून पदरानं ती वारत होती, आणि त्यांना ते जाणवतही नव्हतं.

सासूबाईंनी तिसरा धोंडा संपवला आणि सुरुवात केली. ‘‘आमच्या घराण्यात आजवर वांझ आली नव्हती. मी काही वाईट बोलत नाही, नशिबाची गोष्ट. पण वंशाचा विचार करावा लागतो. बाळापूरची एक मुलगी सांगून आली आहे.’’

आईच्या हातातली पळी थांबली. ‘‘पण आता कायदा आहे ना हो, दुसरं लग्न...’’

‘‘वकिलाच्या घरी कायदा पाणी भरतो,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘रीतसर मोकळं करून घेऊ. हिलाही त्रास नको.’’

भाऊजी जेवत होते.

आता बाबांबद्दल एक सांगायला हवं. बाबा भांडखोर नव्हते, टोमणा मारायचं त्यांना जमत नसे. समोर अडचण आली की ते रोजच्या कामाच्या भाषेत विचार करत, कारण दुसरी भाषा त्यांच्याकडे नव्हती. ते तुपाचं भांडं हातात धरून जावयासमोर वाकले होते आणि तसेच वाकून, अगदी मायेनं म्हणाले, ‘‘जावईबापू, आमच्याकडे गाय दोनदा उलटली, गाभण राहिली नाही, की आम्ही तिसऱ्यांदा तिला हात लावत नाही. आधी वळूचा नमुना पाहतो. तुमचाही एकदा पाहून घेऊ. सूक्ष्मदर्शक आहे माझ्याकडे, बाहेर कोणाला कळायचं नाही.’’

 मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी ओकारी आली, मी हातातलं वाढपाचं भांडं तोंडापुढे धरलं. बाबा अजून वाकलेलेच, आणखी थोडं तूप वाढू का अशा चेहऱ्यानं.

सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या. ‘‘वळू? नारायण म्हणून पाय धुतलेत आणि वळू म्हणता माझ्या पोराला?’’ त्यांनी हातही धुतला नाही. भाऊजींनी उरलेला धोंडा तोंडात कोंबला आणि तेही उठले. टांगा बोलवायला मलाच पिटाळलं. मायलेक टांग्यात बसल्यावर ताई पायरी उतरू लागली तेव्हा सासूबाई आईला म्हणाल्या, ‘‘ठेवा तुमची गाय तुमच्याच गोठ्यात.’’

आईनं बाबांशी बोलणं टाकलं. बोलली ती एकदाच, ‘‘जन्मभर शेणात हात घालून राहिलात, तुमची जीभही तिथलीच झाली.’’ बाबांना आपलं काय चुकलं ते खरंच कळत नव्हतं. ते मला विचारायचे, ‘‘मी काही खोटं बोललो का गं?’’ मी नाही म्हणायची. मग ते सायकल पुसायला घ्यायचे. खरं बोलल्यानंच लेक घरी बसली होती. उरलेले अनारसे बुरशी धरेपर्यंत डब्यात राहिले. टाकायला कोणाचाच हात होईना. हिरवी लव आली, गूळ पाझरून डब्याच्या तळाला चिकट थर झाला, मुंग्या लागल्या. शेवटी ताईनंच डबा घासला. घासताना म्हणाली, ‘‘मला वाटायचं माझ्यातच असं काही आहे. आतून.’’ मी म्हटलं, ‘‘काय?’’ तिनं डब्याकडे बोट दाखवलं.

महिना संपायच्या आत भाऊजी एकटे आले. भर दुपारी, कानटोपी घालून, श्रावणात! घामानं निथळत होते. ओसरीवर न बसता, कोर्टाची पिशवी माझ्याकडे देऊन बाबांना म्हणाले, ‘‘आईला मी मूर्तिजापूरला तारखेला जातो म्हणून सांगितलंय.’’ त्या दिवशी केंद्राला सुट्टी होती. दोघं सायकलवरून गेले, बाबा पुढे, भाऊजी मागे कॅरिअरवर. इतका मोठा माणूस त्या कॅरिअरवर पाय आवरून बसलेला पाहून मला पहिल्यांदा त्यांची दया आली. ती फार वेळ टिकली नाही.

परत आल्यावर बाबांनी हात धुतले आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर बोलावलं. भाऊजी चपापले. ‘‘आपल्यात बोललो असतो, मामा.’’

‘‘आळ हिच्यावर आहे, तर हिच्यासमोरच सांगतो,’’ बाबा म्हणाले, आणि सांगितलं. काचेवर काहीच नव्हतं. दोनदा थेंब घेतला, कोपरान्कोपरा पाहिला. ‘‘एकही नाही.’’

आईनं पदर तोंडाला लावला. 

‘‘ती सुई कशाची आहे?’’ बाबांनी विचारलं. भाऊजींनी नाव सांगितलं. बाबांनी मान डोलावली. ‘‘मी इथे नवा होतो तेव्हाच्या साहेबांनी एका थंड वळूला हेच टोचलं होतं. वळू असा पेटला की दोर तोडायचा. साहेब खूश. पण नळीत पडायचं ते नुसतं पाणी. कसं होतं ते मला सांगता येणार नाही, पण डोळ्यांनी पाहिलंय. सुई बंद करा. सहा महिने, वर्षभर. परत येऊ शकतं. खात्री देत नाही.’’

भाऊजींनी कानटोपी काढून हातात धरली. मग म्हणाले, ‘‘सुईशिवाय मला जमत नाही.’’ त्यांचा तो फुटका आवाज कुठे गेला कोण जाणे. लग्नानंतर वर्षभर काहीच जमलं नव्हतं. खोलीची भिंत पार्टिशनची, पलीकडे आई झोपायची, कूस वळली तरी ऐकू यायचं, आणि सकाळी विचारायची. सुईनं धीर आला. आता ती सोडायची म्हणजे पुन्हा ते सगळं. हे त्यांनी आम्हा बायकांसमोर सांगितलं, आणि मी त्यांना थोडं माफही केलं असतं.

ताईनं विचारलं, ‘‘बाबा, त्या वळूला दाखवलेल्या गायींचं काय झालं?’’

‘‘गायींना काय व्हायचं? त्या चांगल्याच होत्या.’’

ताई भाऊजींकडे वळली. चार वर्षांत ती त्यांच्याशी इतक्या सरळ नजरेनं बोललेली मी पाहिली नव्हती. ‘‘सुई नका सोडू. मूल नसलं तरी मला चालेल, मी कुठे काही म्हणत नाही. फक्त आईंना एकदा सांगा, की माझ्यात दोष नाही. पंगतीत नको, चारचौघांत नको. घरात, दार लावून सांगा. मी आज तुमच्याबरोबर येते.’’

भाऊजींनी कानटोपी पुन्हा घातली. बांधलेला बंद सोडला, परत बांधला. बाहेर पाऊस नव्हता, नुसती उमस होती. आई मनातल्या मनात देवाचं नाव घेत असणार, कारण तिचे ओठ हलत होते.

‘‘तेवढं सोडून काहीही सांग,’’ भाऊजी म्हणाले.

ताई आत गेली. आईला वाटलं ट्रंक आणायला गेली, ती लगबगीनं कुंकवाची कोयरी घ्यायला उठली. ताई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भाऊजींची कोर्टाची पिशवी होती. तिनं ती त्यांच्या हातात दिली, कोनाड्यातली छत्री काढून दिली, आणि दाराची कडी सरकवून बाजूला उभी राहिली.

‘‘निघा,’’ ती म्हणाली. ‘‘बाळापूरच्या मुलीला तरी सांगा.’’